कॉशनचा पाय

रूपाचा फोन आला तेव्हा सोमा ओट्यावर खुर्चीत बसून जेवत होता. उजवा पाय समोरच्या स्टुलावर सरळ टाकलेला, मांडीपासून घोट्यापर्यंत पट्ट्यांनी आवळलेला, आणि ताट दुसऱ्या स्टुलावर. शेजारच्या सुनंदाने सुकट घातलेलं वांगं दिलं होतं. "बाबा, रिपोर्ट आला," रूपा म्हणाली. मागे कंपनीतल्या मशीनची घरघर होती, म्हणून ती ओरडूनच बोलत होती. "गुडघ्यातलं पाणी काढून नेलं व्हतं ना, त्यात कायपन उगवलं नाय. क्लीन हाय. डॉक्टर म्हणाले, सोमवारी बेड रिकामा होतोय, नवा गुडघा बसवून टाकू. फक्त आज संध्याकाळपर्यंत हो म्हणून कळवा, नायतर बेड दुसऱ्याला देतील, आनी मग पार पावसाळा झाल्यावर." सोमा "बरं" म्हणाला. "बरं म्हंजे? हो सांगू?" "बघतो." "बघायचं काय हाय त्यात, बाबा?" तिचा आवाज चिरकला. "आयनं एवढं केलं ते कशासाठी?" सोमाने घास खाली ठेवला. "ताट ठेवतो, मंग बोलतो," असं म्हणून त्याने फोन सदऱ्याच्या खिशात टाकला, आणि मान आत वळवून हाक मारायला तोंड उघडलं. अगं, ऐकलंस का, उगवलं नाय काय. हाक ओठावर आली आणि तिथेच राहिली. आतल्या अंधारात भिंतीवर ठकूबाईचा फोटो होता, त्याच्याखाली विझलेली मेणबत्ती.

उगवलं नाही. डॉक्टरांनी पहिल्यांदा हे सांगितलं होतं तेव्हा ठकूबाईला ते फार पटलं होतं. गुडघ्यातलं पाणी घेतात, बशीत पेरतात आणि वाट बघतात. आत जंतू असले तर उगवतात. "म्हंजे राबासारखं," ती म्हणाली होती. "हां मावशी, तसंच. फक्त इथं उगवलं नाही तर पीक चांगलं." तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली होती. पोशीरच्या शिवारात आयुष्यभर तिने राब भाजले, त्यात भात पेरलं, उगवलेलं आवण उपटून खाचरात लावलं, आणि न उगवण्याची वाट बघायची वेळ तिच्यावर या गुडघ्याने पहिल्यांदा आणली. आणि आता नव्हतं उगवलं. ज्यासाठी ती बाई थंडीभर राबली ते झालं होतं. गुडघा स्वच्छ होता. सोमाला वाटलं, पायातली घाण गेली आणि जाताना घरातलं माणूस घेऊन गेली. मग त्याला स्वतःचाच राग आला. असं काही नसतं. ती हृदयाने गेली. नेरळच्या डॉक्टरने तसं लिहून दिलं होतं.

पाय हा त्याच्या धंद्याचाच होता. ठाकूरवाडीला घाटात तो रेल्वेत कीमन होता. खांद्यावर हातोडा आणि पाना, आणि रोज सकाळी रुळांच्या कडेने चालत रूळ आवळून धरणारी प्रत्येक चावी बघायची, ढिली असेल ती ठोकायची. चढाला खडीतून जाताना आणि उताराला परत येताना गुडघ्यांनी जे खाल्लं ते रिटायर झाल्यावर बाहेर आलं. डावा बरा राहिला, उजवा वाकडा होत गेला. मग उजव्यात धातूचा सांधा बसवला, आणि वर्षभर तो इतका छान चालला की सोमा विसरूनच गेला. भर पावसात लावणीला शेतात उतरला. ठकूबाई बांधावरून ओरडत होती, "अवं, तुमाला कुणी बोलावलं? बांधावर बसून गप्पा हाना की!" आणि तो चिखलात उभा राहून म्हणाला होता, "नवा पाय हाय, जरा चिखल बघू दे त्याला." लावणी झाली तेव्हा बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या होत्या. त्या सगळ्यांनाच होतात. सगळ्यांसारखीच ठकूबाईने त्याला मेंदी वाटून लावली, चार रात्री, फडकं बांधून, आणि गणपतीपर्यंत त्या सुकल्या. गुडघा सुजला तो दिवाळीनंतर. आधी गरम लागायचा, मग जुन्या टाक्याच्या टोकाला एक फोड आला आणि त्यातून पाणी आलं. डॉक्टरांनी विचारलं, मधल्या काळात कुठे जखम, फोड, दात काढला, असं काही झालं होतं का. सोमा आठवत होता तोवर ठकूबाईच बोलली. "चिखल्या झाल्या व्हत्या साहेब. मी मेंदी लावली." डॉक्टरांनी मान हलवली. कातडी फुटली की तिथून जंतू रक्तात जातात, म्हणाले, आणि शरीरात धातू असला की त्यावर जाऊन बसतात. तिथे एकदा बसले की औषधाला दाद देत नाहीत. "पण मेंदीनं नाही झालं मावशी." ती हो म्हणाली, पण येताना टमटममध्ये सबंध रस्ता स्वतःच्या हाताकडे बघत होती. नखांतला मेंदीचा रंग केव्हाच गेला होता, तरी ती बघत होती. घरी आल्यावर तिने दारामागची मेंदी उपटून टाकली. सोमा म्हणाला, "अगं, झाडानं काय केलं?" ती म्हणाली, "तुमी गप बसा."

दोन ऑपरेशनं लागतील, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा रूपा रडायला लागली आणि जावई केतन दुसऱ्या डॉक्टरला दाखवू म्हणाला. सोमाला मात्र ते लगेच कळलं. आतला सगळा धातू काढायचा. हाड खरवडून धुवायचं. त्या जागी औषध कालवलेल्या सिमेंटचा गोळा बसवायचा, म्हणजे हाडं एकमेकांवर घासणार नाहीत आणि औषध आतल्या आत झिरपत राहील. पाय वाकणार नाही, त्यावर वजन टाकायचं नाही. मग महिन्यांची औषधं, आणि सगळं स्वच्छ झालं की गोळा काढून नवा सांधा. रुळाला तडा गेला की हेच करतात. पट्ट्या लावून, आवळून, तडा तात्पुरता धरून ठेवायचा. गाडी बंद ठेवत नाहीत, पण तिला कॉशन लावतात. पाटी उभी करतात, ड्रायव्हरला कागद देतात की इथे हळू, आणि गाडी माणसाच्या चालीने त्या तड्यावरून जाते. नवा रूळ बसला की मग पाटी काढतात. वॉर्डात पडल्या पडल्या त्याने हे ठकूबाईला सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. संसाराची पहिली वर्षं तिने ठाकूरवाडीच्या क्वार्टरमध्ये काढली होती, कॉशन तिला नवा नव्हता. "म्हंजे तुमच्या पायाला कॉशन लागलाय," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिने तो शब्द सोडला नाही. घरी आल्यावर वॉकर धरून तो उठला की चुलीपासून आवाज यायचा, "हळू, कॉशन हाय." शेजारची सुनंदा आली की तिला सांगायची, "आमची गाडी काय आता एक्स्प्रेस नाय, बाई." मागच्या दाराचा उंबरठा उंच होता. तो ओलांडताना ती त्याच्या कमरेचा पट्टा मागून मुठीत धरायची आणि म्हणायची, "हां, सोडा गाडी."

गोळ्या इतक्या होत्या की रूपाने डब्या आणून दिल्या, वर सकाळ दुपार लिहिलेल्या. ठकूबाईला वाचता येत नव्हतं. तिने डब्या कपाटावर ठेवल्या आणि स्वतःची पानाची चंची रिकामी केली. पानाच्या कप्प्यात सकाळच्या, सुपारीच्या कप्प्यात दुपारच्या, तंबाखूच्या कप्प्यात रात्रीच्या. चुन्याची डबी तिने काढून टाकली आणि तिथे ॲसिडिटीची गोळी. पान तिने त्याच दिवशी सोडलं. चाळीस वर्षांचं पान, पण चंची एकच होती, आणि दुसरी घ्यावी असं ना तिला सुचलं ना त्याला. सगळ्या गोळ्यांना कात आणि तंबाखूचा वास लागला. एक लाल गोळी होती. ती सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी सोमा लघवीला गेला आणि लालभडक बघून मोरीतूनच ओरडला. "ठकू! अगं ये गं लवकर!" ती धावत आली, वाकून बघितलं, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पान मी सोडलंय का तुमी चालू केलंय?" मग दोघं त्या एवढ्याशा मोरीत हसत बसले. म्हणजे ती बसली होती, पाणी टाकत. तो वॉकर धरून उभा होता.

"जेवलास का नाय रं?" नागू ओट्याच्या पायरीवर येऊन बसला तेव्हा सोमाला कळलं की ताटावर माश्या बसल्यात. नागू सुनंदाचा नवरा. तोही रेल्वेतच होता, गँगमध्ये, आणि दोघांची जन्माची संगत. "रूपाचा फोन आला आमच्या हिला. म्हंजे इंजिन निघालं म्हनायचं यार्डातून." नागूने विडी काढली, पायाकडे बघितलं, परत ठेवली. "सोमवारी टेंपो सांगून ठेवतो गजाचा. आडवं नेता येईल." "नाय जायचं," सोमा म्हणाला. "काय?" "ऱ्हाऊ दे हाय तसाच." नागूने त्याच्याकडे बघितलं. "येडा का खुळा तू? ते सिमेंट जन्माला पुरनार हाय काय? डॉक्टरनं सांगितलंय ना, झिजंल, मोडंल." "मोडू दे." "आनी असाच ऱ्हानार? विजेच्या डांबासारखा?" सोमा बाहेर बघत होता. समोरच्या खाचरांत राब भाजून काळी झालेली जमीन होती. तो म्हणाला, "वाकवून करायचं काय आता?" ठकूबाई गेली त्या दिवशी नागू तिथेच होता. त्याने ताट उचललं, उरलेली भाकरी कुत्र्याला घातली आणि ताट घेऊन निघाला. कोपऱ्यावर थांबून म्हणाला, "संध्याकाळच्या आत फोन कर पोरीला. नाय तर नाय सांग. पन तिला लटकवून ठेवू नको."

नाही सांगायचं तर तेही सोपं नव्हतं. सोमा फोन हातात धरून बसला. मागच्या भेटीत त्याने डॉक्टरांना एकच गोष्ट विचारली होती. नव्या गुडघ्याने जमिनीवर बसता येईल का. रूपाला वाटलं, बाबा बरे होतायत, ती हसली होती. डॉक्टरही हसले. "काका, चालाल, जिना चढाल, पण खाली बसणं नाही आता. खुर्ची आणि कमोड. एकदा जंतू झालेला पाय आहे, त्याला जपायचं." तेव्हाच त्याच्या मनाने नाही म्हटलं होतं. जमिनीवर बसता येणार नसेल तर तो गुडघा आणि हे सिमेंट, फरक काय. त्याला चालायचं कुठे होतं? दोन पावलांवर बसायचं होतं, आणि तेही माघात, एका सकाळी. त्या सकाळनंतर त्याने मागचं दार उघडलं नव्हतं. कडी लावलेली होती. पाणी सुनंदा पुढून आणून भरायची, अंघोळ आतल्या मोरीत. रूपा दोनदा कडी काढायला गेली आणि दोनदा त्याच्या तोंडाकडे बघून परत आली.

त्या सकाळी ठकूबाई परसात त्याच्या अंघोळीचं पाणी तापवत होती. तो पलंगावर बसून सदरा घालत होता. हंडा पडल्याचा आवाज आला. "काय पडलं गं?" उत्तर नाही. दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा त्याच्या आवाजात काहीतरी आलं होतं. वॉकर पलंगाला टेकलेला होता. आधी वॉकर, मग डावा पाय, मग उजवा नुसता टेकवायचा, असं शिकवलं होतं. तो तसाच गेला. पळता आलं असतं तर तो पळाला असता. पळायचं कसं ते पाय विसरला होता. उंबरठ्याशी मागून पट्टा धरायला कुणी नव्हतं. तो कसा ओलांडला हे त्याला आजही आठवत नाही. धुण्याच्या दगडाजवळ ती कुशीवर पडली होती, एक हात छातीशी, कपाळ घामाने भिजलेलं, आणि सांडलेलं कोमट पाणी तिच्या लुगड्याखालून वाहत होतं. डोळे उघडे होते. "ठकू," तो म्हणाला. त्याने हात खाली केला. मध्ये वॉकर होता. वॉकर बाजूला सारला तर तो पडणार होता, आणि पडला असता तर दोघं तिथे पडून राहिली असती. पाय वाकत नव्हता. त्याने डावा गुडघा वाकवून बघितला, उजवा ओल्या जमिनीवर सरकायला लागला. तेव्हा ती बोलली. "वाकू नका." मग एक श्वास घेतला, फार कष्टाने. "कॉशन हाय." तो सरळ झाला. सरळ होऊन सुनंदाच्या, नागूच्या नावाने ओरडत राहिला. ती माणसं येईपर्यंत तो तिच्यावर खांबासारखा उभा होता आणि ती खाली होती. नेरळला पोचेपर्यंत तिचं संपलं होतं. तिचा जीव होता तोवर त्याचा हात तिला लागला नाही.

ती चेष्टा करत होती, की घाबरली होती, की हुकूम देत होती? महिने झाले, हे एकच तो उलटंपालटं करत होता. चेष्टा असेल तर एवढ्या वेदनेत तिला ती सुचली कशी? आणि हुकूम असेल तर त्याने तो का ऐकला? आयुष्यात तिचं इतर काय ऐकलं होतं त्याने? चिखलात उतरू नका म्हणाली तर उतरला. त्याला तिचा राग यायचा. मेलेल्या माणसाचा राग कुणाला सांगता येत नाही. तिला नेलं तेव्हाही तो पुढच्या दारात लाल प्लास्टिकच्या खुर्चीत होता. विहारातली माणसं पांढऱ्या कपड्यांत, तिरडी उचललेली, आणि नागूने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "थांबा रं. सोमाचा खांदा ऱ्हायलाय." चौघं चालत त्याच्यापाशी आले आणि गुडघ्यात वाकले, चौघंही, आणि बांबू त्याच्या खांद्याला टेकवला. टेकवला नुसता. वजन त्यांनी स्वतःकडेच ठेवलं. सोमाला बांबूचा खरखरीतपणा कळला, ठकूबाईचं वजन कळलं नाही. मग तिरडी उठली आणि पोश्री नदीकडे गेली. पुढे पुण्यानुमोदनाच्या विधीलाही सगळं घर सतरंजीवर बसलं, हात जोडून, आणि तो एकटा वर खुर्चीत, सगळ्यांच्या डोक्यांवरून तिच्या फोटोच्या बरोबर समोर, साहेबासारखा.

ऊन कलायला लागलं. सोमाने फोन खिशात ठेवला, वॉकर ओढला आणि उठला. आत गेला. चंची टांगलेल्या खिळ्यापाशी थांबला, पुढे गेला. मागच्या दाराची कडी गंजली होती, दोनदा जोर लावावा लागला. दार उघडल्यावर समोर काही नव्हतं. कोरडी जमीन, धुण्याचा दगड, थंड चूल, आंब्याच्या पडलेल्या दोन कैऱ्या. हंडा सुनंदाने उचलून पालथा घातलेला होता. इतके महिने त्या कडीमागे एवढंच होतं. उंबरठ्याशी त्याने स्वतःच्याच कमरेचा पट्टा एका हाताने मागे धरला, मग सोडला, आणि ओलांडला. त्या सकाळी तो उभा होता त्या जागी गेला. ती जागा त्याला बरोबर माहीत होती. तिथे वॉकर उभा केला. डाव्या हाताने धुण्याचा दगड धरला, उजवा पाय पुढे पसरत नेला, आणि डाव्या गुडघ्यावर अंग सोडत सोडत शेवटी हात सुटला आणि तो बदकन बसला. दुखलं. पण आतलं काही मोडलं नाही. तो थोडा वेळ तसाच धापा टाकत राहिला. मग कुशीवर झाला, ती होती तसा, आणि डोकं जमिनीला टेकवलं. जमीन उन्हाने तापली होती.

इथून ती बघत होती. त्याने नेहमी धरलं होतं की ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि त्याच्या तोंडावर तेव्हा काय होतं याची त्याला लाज वाटायची. पण कुशीवर डोकं टेकल्यावर तोंड दिसत नाही. त्यासाठी मान वर वळवावी लागते, आणि तिने मान वळवली नव्हती, हे त्याने बघितलं होतं. इथून वॉकरचे रबरी पाय दिसत होते, वर आडवी दांडी, आणि त्या रबरी पायांच्या मधली मोकळी जागा. त्या जागेत त्या सकाळी उजवा गुडघा होता, पट्ट्यांत आवळलेला, तिच्या हाताने आवळलेला, तासाभरापूर्वी. डोळ्यांच्या समोर तोच होता, दुसरं काही नव्हतं. त्याचा पाय सरकायला लागला तेव्हा तो आधी तिला दिसला होता, त्याला कळायच्या आधी. आणि मग तो परत सरळ झाला, तेही तिने बघितलं होतं. सोमा बराच वेळ त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिला. त्याने हात पुढे केला. या वेळी हात पोचला, दांडीपर्यंत, आणि तो रडायला लागला. तोंड मातीला लागलेलं होतं, आवाज बाहेर गेला नाही.

खिशात फोन वाजला. कोपरावर कसाबसा उठून, दगडाला पाठ टेकवून त्याने तो काढला. "बाबा, पाच वाजत आले. मी काय सांगू त्यांना?" रूपाचा आवाज दमलेला होता. मशीन बंद झाली होती.

"हो सांग. सोमवारी येतो म्हनावं."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. "खरं?"

"खरं गं. तिचं काम हाय ते. अर्धं ऱ्हायलंय." मग तो म्हणाला, "आनी नागूला फोन कर. मागल्या दारानं ये म्हनावं. मला उठवाय लागंल."

"उठवाय? बाबा, पडलाव काय? कुठं हायसा तुमी?"

सोमाने तळहात शेजारच्या जमिनीवर ठेवला.

"पडलो नाय," तो म्हणाला. "आयजवळ बसलोय."